बापू कुटी (सेवाग्राम)

बापू कुटी ही महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे असलेली माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची एक ऐतिहासिक वास्तू आहे. महात्मा गांधी यांच्या जीवनातील अखेरच्या दशकातील हे प्रमुख निवासस्थान होते. ही कुटी मूळची त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन (मॅडेलिन स्लेड) यांनी स्वतःच्या राहण्यासाठी आणि ग्रामसेवेच्या कामासाठी ती उभारली होती. पुढे गांधीजी तेथे राहावयास आले, गरजेप्रमाणे तीत भर पडत गेली आणि देशाच्या राजकारणातील अनेक महत्त्वाच्या भेटीगाठी व विचारविनिमय या झोपडीत व तिच्या अंगणात घडले.

कुटी सेवाग्राम आश्रमाच्या आवारात, वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर आहे. आश्रमाची व्यवस्था सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान ही संस्था पाहते.

नाव

आश्रमवासी गांधीजींना ‘बापू’ या नावाने संबोधत असत. त्यावरून या झोपडीस ‘बापू कुटी’ हे नाव पडले. याच धर्तीवर कस्तुरबांच्या निवासास ‘बा कुटी’ आणि महादेवभाई देसाई यांच्या निवासास ‘महादेव कुटी’ म्हणतात.

गावाचे मूळ नाव सेगाव होते. विदर्भातच बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई–नागपूर लोहमार्गावर, संत गजानन महाराजांच्या वास्तव्याने प्रसिद्ध असलेले शेगाव आहे. नामसादृश्यामुळे गांधीजींची टपाल तिकडे जाई. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये सेगावचे नाव ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले. त्यामुळे १९३६ ते १९४० या काळातील पत्रांवर व लेखांवर ‘सेगाव’ हेच स्थळनाम आढळते.

पार्श्वभूमी

वर्ध्यातील आगमन

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीयात्रेसाठी अहमदाबादच्या साबरमती आश्रमातून बाहेर पडले. स्वराज्य मिळाल्याखेरीज आश्रमात परतणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. त्यानंतरच्या सत्याग्रहाच्या व कारावासाच्या काळात त्यांना कायमचे असे ठिकाण राहिले नाही. वर्ध्याचे उद्योगपती व काँग्रेसचे कोषाध्यक्ष जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्यास येण्याचा आग्रह केला. जमनालालजींच्याच प्रयत्नाने १९२१ पासून विनोबा भावे वर्ध्यात आश्रम चालवीत होते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणासाठी देशव्यापी हरिजन यात्रा सुरू केली, तीही वर्ध्याहूनच.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाच्या कार्यासाठी जमनालालजींनी शहरातील आपली बाग व तेथील इमारत दिली. गांधीजींचे दिवंगत पुतणे मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेचे नाव ‘मगनवाडी’ ठेवण्यात आले. संघाचे काम अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहावयास आले.

सेगावची निवड

ग्रामोद्योगाचा पुरस्कार करणाऱ्याने शहरात न राहता खेड्यात राहिले पाहिजे, हा विचार गांधीजींच्या मनात बळावत गेला. मीराबेन प्रथम मगनवाडीजवळच्या सिंदी या वस्तीत सफाईचे काम करीत होत्या. नंतर त्या सेगावात जाऊन राहिल्या. सेगावात जमनालालजींची मालगुजारी व शेती होती. गावाच्या लोकवस्तीचा मोठा भाग दलित समाजाचा होता. वर्ध्याहून तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलामुळे बैलगाडीची वाटही अवघड होई. हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता.

मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी जमनालालजींना पत्र लिहून सेगावात राहण्याचा आपला मनोदय कळविला. तेथे बांधावयाच्या झोपडीचा खर्च होईल तितका कमी असावा आणि तो कोणत्याही परिस्थितीत १०० रुपयांच्या वर जाऊ नये, अशी अट त्यांनी घातली. कस्तुरबांची इच्छा असेल तर त्या सोबत येतील, अन्यथा आपण एकटेच राहू. महादेवभाई व इतर सहकाऱ्यांनी मगनवाडीतच राहावे. बाहेरून भेटीस येणाऱ्यांनी सेगावात न येता नेमलेल्या दिवशी मगनवाडीत भेटावे, अशीही त्यांची योजना होती. नवा आश्रम स्थापन करण्याचा हेतू त्यात नव्हता. एका खेड्यात एका माणसाने राहणे, इतकाच तो संकल्प होता. पुढील काही वर्षांत प्रत्यक्ष घडले ते मात्र याच्या बरेच उलट.

सेगावात राहावयास येण्यापूर्वी गांधीजींनी गावकऱ्यांची सभा घेऊन त्यांची संमती विचारली. अस्पृश्यता न पाळणे हे आपले व्रत असून कोणावरही ते लादणार नाही, असे त्यांनी सांगितले. गावच्या वृद्ध पाटलाने त्यांचे स्वागत केले. परंतु अस्पृश्यतानिवारणाच्या कामात आपण साथ देऊ शकणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात आले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते.

आदि निवास

सेगावात गांधीजींसाठी प्रथम बांधली गेलेली वास्तू म्हणजे आदि निवास. गांधीजी आले तेव्हा ती पूर्ण झालेली नव्हती. त्यामुळे पहिले काही दिवस त्यांनी बागेतील तात्पुरत्या निवाऱ्यात काढले. मे महिन्यात ते विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातील नंदी हिल्स येथे गेले आणि जूनमध्ये, पावसाळ्याच्या आरंभी, सेगावास परतले.

आदि निवासाच्या बांधकामावर मीराबेन यांनी देखरेख केली. स्थानिक साहित्य वापरावे आणि काम गावातीलच मजूर व कारागिरांकडून करून घ्यावे, असे ठरलेले होते. मधोमध एक मोठी खोली व भोवती पडवी अशी तिची रचना आहे. एकट्याने राहण्याचा संकल्प येथेच मोडला. कस्तुरबा, प्यारेलाल, बलवंतसिंह यांसारखे सहकारी त्याच खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत राहू लागले. वायव्य सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी असल्याने १९३६ मध्ये वर्ध्यास आलेले खान अब्दुल गफार खान यांचाही काही काळ येथे मुक्काम होता. खोलीत भिंती वा पडदे नव्हते. प्रत्येकाची जागा त्याच्या चटईने ठरे.

सप्टेंबर १९३६ मध्ये गांधीजींना हिवताप झाला आणि त्यांना उपचारासाठी वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. सेगावातील आरोग्याचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्याच शरीरावर प्रकट झाला होता. पुढे ग्रामसफाई, मलमूत्राचे सोनखत आणि रुग्णसेवा हे विषय आश्रमाच्या दिनक्रमात कायमचे समाविष्ट झाले.

मीराबेन यांची झोपडी

मीराबेन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातील वरिष्ठ अधिकारी होते. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात आल्या व गांधीजींनी त्यांना ‘मीरा’ हे नाव दिले. सेगावात त्यांनी आदि निवासाजवळ स्वतःसाठी लहान झोपडी उभारली. तेथे त्या गावातील लोकांना पिंजणे व सूत कातणे शिकवीत.

आदि निवासातील गर्दी वाढत गेल्याने गांधीजींना लेखन, भेटी आणि रुग्णांची शुश्रूषा यांसाठी वेगळ्या जागेची गरज भासू लागली. मीराबेन जवळच्या वरोडा या खेड्यात कामासाठी गेल्यानंतर १९३७ च्या सुमारास गांधीजी त्यांच्या झोपडीत आले. त्यानंतर मूळच्या झोपडीस स्नानगृह, रुग्णांची खोली व पडवी अशी भर घालण्यात आली. नवी इमारत न बांधता असलेलीच वाढविणे, ही पद्धत या भागातील शेतकऱ्यांच्या घरांस परिचित अशीच आहे.

भिंतींवर मातीने उठावदार काढलेली शिंदीची झाडे, चरखा आणि ‘ॐ’ ही चिन्हे मीराबेन यांची आहेत. कुटीत याखेरीज अन्य सजावट नाही.

बांधकाम व साहित्य

वर्धा परिसरातील जमीन प्रामुख्याने कापसाची काळी जमीन आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे ती एकटी भिंतीसाठी उपयोगी पडत नाही. या भागात घरासाठी गावठाणाची ‘पांढरी’ माती घेऊन तीत गवत किंवा कुटार मिसळून ती कुजवितात व तुडवितात. हलक्या भिंतींसाठी बांबू, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा कूड घालून त्यावर मातीचा थर देतात. जमीन व भिंती शेणामातीने सारवितात. छपरासाठी लाकडी व बांबूच्या सांगाड्यावर कुंभाराने चाकावर घडविलेली अर्धगोल कवेलू पसरतात. बापू कुटी याच परंपरेतील घर आहे.

१९३७ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजींनी आदर्श खेड्याची कल्पना मांडली. त्या खेड्यातील घरांत पुरेसा उजेड व हवा असावी आणि ती पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याने बांधलेली असावीत, असे त्यांनी त्यात म्हटले. हा लेख आणि कुटीतील वास्तव्य एकाच काळातील आहेत. केरळमध्ये कमी खर्चाच्या बांधकामासाठी नावाजलेले वास्तुविशारद लॉरी बेकर हे या पाच मैलांच्या तत्त्वाचा आपल्या कामाचा आधार म्हणून उल्लेख करीत.

वर्ध्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. जाड मातीचा थर उष्णता हळूहळू शोषतो व सोडतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली उतरलेल्या छपरामुळे भिंतींवर थेट ऊन व पावसाचा मारा होत नाही. खिडक्यांस बांबूच्या पट्ट्या असल्याने हवा खेळती राहते. या घरास सिमेंट वा लोखंडाचे गर्डर लागले नाहीत. जे साहित्य लागले, ते तयार करणारे हात गावातच होते आणि दुरुस्ती करणारे हातही तेच होते.

अंतर्रचना

कुटी एकमजली असून तिचे भाग असे आहेत :

पडवी – प्रवेशाची व पादत्राणे काढण्याची जागा. भेटीस आलेले लोक येथे थांबत.

मधला भाग – बैठकीची सामायिक जागा. येथे बसण्यासाठी चटया अंथरलेल्या असत.

गांधीजींची बैठक – जमिनीवरील गादी, टेकण्यासाठी पाठ आणि लिहिण्यासाठी बैठे मेज. भेटीस येणाऱ्याने समोर चटईवर बसावे, अशी व्यवस्था होती.

सचिवांची जागा – कुटीत सचिव म्हणून काम करणाऱ्या राजकुमारी अमृत कौर यांची बैठक जवळच होती.

रुग्णांची खोली – ज्या रुग्णावर स्वतः लक्ष ठेवावयाचे असेल, त्यास गांधीजी येथे ठेवून घेत.

स्नानगृह – घराच्या मानाने प्रशस्त. शौचकूपाची स्वच्छता हे गांधीजींच्या दृष्टीने घराच्या योग्यतेचे लक्षण होते. त्यामुळे या भागाकडे विशेष लक्ष दिलेले दिसते.

कुटीतील वस्तू

कुटीत गांधीजींच्या वापरातील वस्तू जागच्या जागी ठेवलेल्या आहेत. त्यांत चरखा, बैठे मेज, पिकदाणी, कंदील आणि तीन माकडांची छोटी मूर्ती यांचा समावेश होतो. साप पकडण्याचा लाकडी चिमटा व पिंजरा हे येथील वैशिष्ट्य होय. परिसरात सापांचा वावर मोठा होता. आश्रमात सापास न मारता पकडून दूर सोडून देत.

आश्रमात दूरध्वनीही जतन केलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी संपर्क साधता यावा म्हणून तो बसविण्यात आला होता. गावात पक्का रस्ता व वीज यांपूर्वी पोहोचलेला हा दूरध्वनी सेगावच्या बदललेल्या स्थानाचा निदर्शक मानला जातो.

वस्तूंपैकी गांधीजींचा एक चष्मा आश्रमातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर संग्रहातील वस्तूंच्या सुरक्षेचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

परिसरातील इतर वास्तू

बा कुटी – आदि निवासात पुरुषांच्या गर्दीत कस्तुरबांची गैरसोय होत असे. हे लक्षात घेऊन जमनालालजींनी त्यांच्यासाठी बापू कुटीजवळ ही लहान कुटी बांधविली.

महादेव कुटी – गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई प्रारंभी मगनवाडीत राहून सेगावास पायी ये-जा करीत. उन्हातान्हातील या रोजच्या पायपिटीचा त्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. नंतर त्यांच्यासाठी येथे निवास बांधण्यात आला.

किशोर निवास – विचारवंत व ‘हरिजन’चे नंतरचे संपादक किशोरलाल मश्रूवाला यांचे निवासस्थान.

परचुरे कुटी – संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ मध्ये ते आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी ही कुटी उभारण्यात आली. कुष्ठरोग्याचा स्पर्शही लोक टाळीत, त्या काळात गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत. पुढे परचुरे शास्त्री वर्ध्याजवळील दत्तपूर येथील कुष्ठधामात गेले. हे कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केले होते.

आखरी निवास – मुळात जमनालालजींनी स्वतःच्या राहण्यासाठी ही वास्तू बांधली होती. प्रकृतीच्या कारणास्तव गांधीजी १९४६ मध्ये येथे राहिले. सेवाग्राममधील त्यांचे हे अखेरचे निवासस्थान ठरले.

आवारात गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. सामुदायिक प्रार्थना पिंपळाजवळच्या मोकळ्या प्रांगणात होते.

कुटीशी संबंधित घटना

बाहेरच्यांनी सेगावात येऊ नये, ही गांधीजींची अपेक्षा फार काळ टिकली नाही. मे १९३६ मध्ये, गांधीजी गावात नुकतेच आले असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची सेगावात भेट घेतली. जानेवारी १९३८ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड लोथियन काही दिवस गांधीजींसोबत सेगावात राहिले. जून १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींची सेवाग्राम येथे भेट घेतली. त्यानंतर त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर आश्रमात राहिले आणि त्या मुक्कामावर त्यांनी ‘ए वीक विथ गांधी’ हे पुस्तक लिहिले.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. हस्तोद्योगाच्या माध्यमातून मातृभाषेत शिक्षण देण्याची ‘नई तालीम’ किंवा ‘वर्धा शिक्षण योजना’ येथे मांडण्यात आली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमण्यात आली. हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् यांनी सेगावातच, कुटीपासून जवळ, उभे केले.

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी सेवाग्रामजवळील पवनार येथे सत्याग्रह केला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ब्रिटिश सत्ता मागे घेण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. ‘छोडो भारत’ आंदोलनाचा हा आरंभबिंदू होय. त्यापूर्वीचा बराचसा विचारविनिमय सेवाग्राममध्ये झाला होता.

१९४२ नंतर

१९४२ हे वर्ष आश्रमासाठी वियोगाचे ठरले. ११ फेब्रुवारीला जमनालाल बजाज यांचे वर्ध्यात निधन झाले. ऑगस्टच्या आरंभी गांधीजी मुंबईतील अधिवेशनासाठी गेले आणि ९ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. ६ मे १९४४ रोजी सुटका झाल्यानंतर गांधीजी त्याच वर्षी सेवाग्रामला परतले, तेव्हा बा कुटी व महादेव कुटी या दोन्ही रिकाम्या होत्या.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी दिल्लीस जाण्यासाठी सेवाग्रामहून निघाले. त्यानंतर नोआखाली, बिहार, कलकत्ता व दिल्ली येथील दंगलींनी त्यांना परतू दिले नाही. फेब्रुवारी १९४८ च्या आरंभी सेवाग्रामला येण्याचे त्यांनी ठरविले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

मार्च १९४८ मध्ये देशभरातील रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद सेवाग्राममध्ये भरली. जवाहरलाल नेहरू, राजेंद्र प्रसाद, मौलाना आझाद, विनोबा भावे, जयप्रकाश नारायण आदी उपस्थित होते. गांधीजींनंतर काय, हा तिच्यापुढील प्रश्न होता. या परिषदेतून सर्वोदय समाजाची कल्पना पुढे आली. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांततावादी परिषदेचे एक सत्र शांतिनिकेतन येथे व दुसरे सेवाग्राममध्ये झाले.

इव्हान इलिच यांचे विवेचन

जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे तिसऱ्या जगातील गरिबांसाठीच्या तंत्रांविषयी परिषद झाली. तिच्या उद्घाटनपर भाषणात ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी बापू कुटी हाच विषय घेतला. भाषणापूर्वी ते काही काळ कुटीत बसले होते. कुटीतील सात प्रकारच्या जागांचे त्यांनी वर्णन केले व त्या परस्परांशी सेंद्रिय नात्याने जोडलेल्या आहेत, असे निरीक्षण नोंदविले. माणूस सामानसुमान ठेवण्यासाठी बांधतो ते घर आणि माणूस स्वतः राहतो ते घर, असा भेद त्यांनी केला. बापू कुटीला दुसऱ्या प्रकारात ठेवले. सुखसोयी वाढत जातात तसा माणूस त्यांवर अवलंबून होतो आणि स्वतःचे घर स्वतः बांधण्याची शक्ती गमावतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे भाषण पुढे त्यांच्या ‘इन द मिरर ऑफ द पास्ट’ या संग्रहात समाविष्ट झाले.

जतन

दगडी वा विटांच्या स्मारकांप्रमाणे मातीचे घर बंद करून जपता येत नाही. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, फुटलेली बदलणे, वाळवी लागलेला बांबू काढून नवा घालणे, भिंतींना मातीचा हात देणे आणि जमीन नियमित सारविणे, ही कामे थांबली की अशा घराची पडझड सुरू होते. परिणामी, कुटीतील सर्वच सामग्री १९३७ च्या काळातील असणे शक्य नाही. कुटीचा आकार, मांडणी, साहित्याचा प्रकार आणि बांधण्याची रीत या गोष्टी जतन झालेल्या आहेत.

वारसा-जतनाच्या क्षेत्रात हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. जपानमधील इसे येथील शिंतो मंदिर सुमारे दर २० वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात, तरी ते प्राचीनच मानले जाते. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने वास्तूचा अस्सलपणा केवळ मूळ साहित्यावर न ठरविता उपयोग, परंपरा व तंत्र यांवरूनही पारखावा, हे तत्त्व मान्य केले. बापू कुटीचे जतन याच दृष्टीने पाहणे सयुक्तिक ठरते.

यातील व्यावहारिक अडचण साहित्याची नसून कारागिरांची आहे. वर्धा परिसरातील खेड्यांत मातीच्या घरांची जागा सिमेंटच्या घरांनी घेतली आहे. चाकावरची देशी कवेलू घडविणारे कुंभार आणि कूड व छप्पर घालणारे कारागीर कमी होत आहेत. गावातील मजुरांच्या हातून, गावातल्या साहित्याने, अल्प खर्चात घर उभे राहावे, ही गांधीजींची अट होती. आज तसेच घर सुस्थितीत राखण्यासाठी ते कसब जाणीवपूर्वक टिकवून धरावे लागते.

सध्याची स्थिती

बापू कुटी व आश्रमातील इतर कुट्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या आहेत. कुटीत पादत्राणे काढून प्रवेश करावा लागतो. सकाळ-संध्याकाळची सर्वधर्मप्रार्थना व सूतकताई हे उपक्रम आश्रमात चालू आहेत. आवाराजवळ नई तालीमचा परिसर असून, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वाढलेले कस्तुरबा रुग्णालय व १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सेवाग्राममध्ये आहे. आश्रमातील एका लहान दवाखान्यापासून या रुग्णसेवेचा आरंभ झाला.

गांधीजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने राज्य शासनाने सेवाग्राम विकास आराखडा हाती घेतला. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी दुतर्फा असलेली जुनी झाडे तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा स्थानिक नागरिकांनी विरोध केला व वृक्षतोड थांबविण्यात आली. वाढत्या पर्यटनासाठी सोयी किती असाव्यात आणि साधेपणासाठीच ओळखल्या जाणाऱ्या परिसराचे स्वरूप किती बदलावे, हा वाद त्यानिमित्ताने पुढे आला. गांधीजी आले तेव्हा ज्या गावाला धड रस्ता नव्हता, त्या गावाच्या रस्त्याची रुंदी हा आता त्यांच्या वारशाच्या चर्चेचा विषय झाला आहे.

कसे जावे

वर्धा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. दिल्ली–चेन्नई मार्गावरील सेवाग्राम हे स्थानक पूर्वी ‘वर्धा पूर्व’ या नावाने ओळखले जाई. दोन्ही स्थानकांहून आश्रमास जाण्यासाठी रिक्षा व बस मिळतात. जवळचा विमानतळ नागपूर येथे आहे. नागपूर ते वर्धा हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. विनोबा भावे यांचा पवनार आश्रम आणि वर्धा शहरातील मगनवाडी येथील मगन संग्रहालय ही कुटीशी संबंधित जवळची स्थळे होत.